दिवसातून दोनदाच उघडायचे दार

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा हिरमोड व्हायला नको. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, एक पाय गंजला आहे आणि खालच्या कडेला चिखलाची तपकिरी रेघ आहे, ती कितीही घासली तरी जात नाही. मी एका दाराचा, मध्यम आकाराचा, साधा फ्रिज आहे. माझ्या घरात तीन माणसे होती. आता दोन आहेत. हे कसे झाले ते मला तुम्हाला सांगायचे आहे. त्यातली एक गोष्ट तर अशी आहे, की ती त्या उरलेल्या दोघांनाही ठाऊक नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे माझ्यासारखे शेकडो जण पट्ट्यावरून पुढे सरकत असत आणि दोन्ही बाजूंनी माणसे कुणाला नळ्या, कुणाला तारा, कुणाला कप्पे बसवत असत. दाराला रबर बसवणारी एक बाई होती. रबर बसवून झाले की ती दारात कागदाची पट्टी अडकवायची, दार लावायची आणि पट्टी ओढून पाहायची. पट्टी सहज निघाली तर पुन्हा पहिल्यापासून सगळे. माझ्या दारातली पट्टी तिने ओढली तेव्हा ती फाटली, पण निघाली नाही. "घट्ट आहे हो हा," असे ती शेजारणीला म्हणाली. आयुष्यात माझे पहिले कौतुक झाले ते या घट्टपणाचे. पुढे तोच नडणार होता, पण तेव्हा माझी छाती फुगली होती.

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा बाबांनी मला घरी आणले. मी त्यांना बाबाच म्हणतो. घरात पुढे सगळे तेच म्हणू लागले, मग मी वेगळे काय म्हणणार? बाबा शहरातली बस चालवत. मला आडवे घालू नका, उभेच न्या, असे दुकानदाराने बजावले होते. म्हणून टेम्पोत मागे ते स्वतः माझ्या कमरेला मिठी मारून उभे राहिले आणि प्रत्येक खड्ड्याला टेम्पोवाल्यावर ओरडत राहिले. त्यांच्या बसमधले प्रवासी तेच शब्द त्यांना रोज ऐकवत असत. घरी पोचल्यावर स्वयंपाकघराचा दरवाजा अरुंद निघाला. मग दरवाजाच बिजागरीतून काढला, मला आत घेतले, आणि तो दरवाजा पुढे कधी परत बसवला गेला नाही. त्यामुळे माझ्या जागेवरून मला पुढची खोली दिसायची आणि तिथे खिडकीशी बसून शाळेचे गणवेश शिवणारी आईही दिसायची.

त्या गल्लीत तेव्हा मोजकेच फ्रिज होते. त्यामुळे माझी काय मिजास होती म्हणून सांगू! कुणाचा पाय मुरगळला, बर्फ माझ्याकडून. कुणाचे दूध जास्तीचे आले, ठेवायला माझ्याकडे. समोरच्या घरात राहणाऱ्या घंटामावशी तर रोज येत. त्या शाळेत घंटा वाजवायच्या कामाला होत्या, म्हणून सगळी गल्ली त्यांना घंटामावशी म्हणायची. त्यांच्या घरी फ्रिज नव्हता. मातीच्या मडक्यातले पाणी पिऊनच त्यांचा जन्म गेला होता. त्या माझ्या दारावर हात ठेवून म्हणायच्या, "याच्या पोटात काय थंडी भरलीय गं बाई," आणि मी अगदी खूष होऊन घरघरायचो.

आईचा मात्र एक नियम होता आणि त्या नियमाला अपील नव्हते. काय हवे ते आधी ठरवायचे, मग दार उघडायचे. दार उघडे ठेवून विचार करत उभे राहिलेले तिला खपत नसे. गारवा बाहेर पडतो, मशीनवर ताण येतो, असे तिचे म्हणणे. बाबा माझ्यासमोर डोळे मिटून उभे राहत, "दूध, लोणी, पाण्याची बाटली" असे पुटपुटत आणि मगच दाराला हात लावत. तिच्या या शिस्तीची मला मनातून गंमतही वाटायची आणि अभिमानही. दुसऱ्या कुठल्या फ्रिजला इतकी काळजी घेणारे माणूस मिळाले असेल असे मला वाटत नाही.

मग घरात खारू आली. तिचे खरे नाव काहीतरी भारदस्त होते, पण दोन्ही हातांत पाव धरून एका गालात कोंबायची तिची तऱ्हा पाहून बाबांनी तिला खारू केले आणि तेच चिकटले. उन्हाळ्यात खारू माझे दार किलकिले करायची, खालच्या कप्प्यावर हनुवटी टेकायची आणि डोळे मिटून गारवा खात उभी राहायची. मला ते फार आवडायचे. आईला नाही. चार वर्षांची असताना तिला यासाठी पाठीत एक चांगला धपाटा बसला आणि त्यानंतर खारूने विनाकारण माझ्या दाराला हात लावल्याचे मला आठवत नाही. म्हणजे एकदाच लावला. त्याबद्दल पुढे सांगतो.

सहाव्या वर्षी खारू वाळू लागली. सारखे पाणी प्यायची. माझ्यातल्या बाटल्या भरून ठेवल्या की तासाभरात रिकाम्या. सारखी लघवीला धावायची आणि शाळेतून आली की दप्तरासकट झोपायची. दोघांनी तिला दवाखान्यात नेले, आणि चार दिवसांनी परत आले तेव्हा आईच्या हातात एक छोटा डबा होता. डब्यात इन्सुलिनच्या बाटल्या होत्या. खारूच्या अंगात ते तयार होत नाही, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सुईने द्यायचे, आयुष्यभर. तिथल्या नर्सने सांगितले होते की औषध फ्रिजमध्येच ठेवायचे, बाहेर ठेवायचे नाही. आईने ते वाक्य जसेच्या तसे एका कागदावर लिहिले आणि कागद माझ्या दाराला आतून चिकटवला. अंड्यांची हकालपट्टी झाली. त्यांच्या कप्प्यात तो डबा बसला.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे जगणेच बदलले. आतापर्यंत मी दूध नासू देत नव्हतो, लोणी पातळ होऊ देत नव्हतो. आता माझ्याकडे एका मुलीचा जीव ठेवायला दिला होता. पाच वर्षे मी तो डोळ्यांत तेल घालून जपला. मधे एकदा माझे रबर सैल झाले तेव्हा आईने त्याच दिवशी दुरुस्तीवाल्या काकांना बोलावले. काकांनी नवे रबर बसवले आणि यातून आता मुंगीसुद्धा जायची नाही अशी खात्री दिली. कुणी खारूची चौकशी केली की आई म्हणायची, "आमचा फ्रिज आहे ना, मला काही चिंता नाही." आपल्याबद्दल असे कुणी बोलले की कसे वाटते ते तुम्हाला माहीत असेल.

वादळ येणार हे तीन दिवस आधीपासून सांगत होते. आईने करायचे ते सगळे केले. खिडक्यांना फळ्या ठोकल्या. घागरी, बादल्या, पातेली, मिळेल त्यात पाणी भरले. दुकाने बंद राहतील म्हणून औषधवाल्याच्या मागे लागून दोन महिन्यांचे इन्सुलिन आणून माझ्या कप्प्यात ठेवले. पुराचे पाणी आत आले तर माझे मशीन भिजू नये म्हणून बाबांकडून मला विटांवर चढवून घेतले. स्वतःचे शिवणयंत्र मात्र तिने खालीच ठेवले, कारण विटा तेवढ्याच होत्या. ही सगळी तयारी खारूसाठी होती आणि तिच्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

वादळ सकाळी अकराच्या सुमारास आले आणि दिवे लागायच्या वेळेला गेले. ती तिघे न्हाणीघरात डोक्यावर गादी घेऊन बसली होती. मी स्वयंपाकघरात एकटा होतो. आधी वीज गेली. मग माझ्यावरचा छपराचा पत्रा थरथरू लागला, एका कोपऱ्यातून उचलला गेला आणि पुस्तकाचे पान उलटावे तसा उलटून निघून गेला. त्याच्यामागोमाग दुसरा गेला, तिसरा गेला. गढूळ पाणी आत शिरले, विटांवर चढले, माझ्या पायांना लागले आणि तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा आभाळ पाहिले. ते इतके निळे आणि स्वच्छ होते की मला त्याचा राग आला.

पहिले दोन दिवस जरा बरे गेले असे म्हणायला हरकत नाही. माझ्यातले सगळे नासणार म्हणून आईने शेजाऱ्यांना बोलावले आणि होते नव्हते ते रांधून वाटून टाकले. बर्फाचा शेवटचा तुकडा खारूला चोखायला मिळाला. बाबा आणि शेजारी पत्रे शोधत हिंडत होते. आमचे पत्रे दुसऱ्यांच्या दारात आणि भलत्यांचेच पत्रे आमच्या अंगणात, अशी गत होती. कोणता कुणाचा यावरून वाद घालायचे त्राणही कुणात नव्हते. आमचा एकच पत्रा सापडला, तोही दुमडलेला.

त्यानंतर मात्र रोजचे जगणे सुरू झाले, आणि ते वादळापेक्षा वाईट होते. वादळ निदान एका दिवसात संपले. सकाळी उठून घरातला चिखल खराट्याने बाहेर लोटायचा, दुपारी तो वाळून धूळ व्हायची आणि संध्याकाळी अंथरुणावर सापडायची. गाद्या कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातल्या तर आतून कुजल्याचा वास. तीन विटांची चूल, जळण म्हणून मोडक्या खुर्च्या. पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा आणि त्याच्या रांगेत आईची सगळी सकाळ जायची. बाबांची बस आगाराच्या छपराखाली चेपली होती, म्हणून ते रस्त्यांवरची पडलेली झाडे कापायला जात. आईच्या शिवणयंत्राचे चाक गंजून अडकले होते. ती रोज त्यात दोन थेंब तेल सोडायची, चाक हलवून पाहायची आणि झाकण लावायची. वीज कधी येणार हे विचारायचे लोकांनी दहाव्या दिवशी सोडून दिले.

गल्लीतले इतर फ्रिज एव्हाना दारांना दोऱ्या बांधून रस्त्यावर काढून ठेवले होते. आत काय सडले आहे ते उघडून बघायची कुणाची छाती नव्हती. आम्हालाही कुणी विचारले, याला का ठेवलाय अजून? आई म्हणाली, यात औषध आहे. ते ऐकून मला त्याही दशेत बरे वाटले. किती मूर्ख होतो मी.

कारण वीज नसताना मी काय करणार होतो? चौथ्या दिवशी छपरावर घालायला ताडपत्री मिळाली, ती दोन हात कमी पडली. कुठला कोपरा उघडा ठेवायचा यावर आई क्षणभर थांबली आणि मग तिने माझ्यावरचा कोपरा दाखवला. मी पत्र्याचा होतो, भिजलो तरी चालण्यासारखा होतो. अंथरूण भिजून चालणार नव्हते. बाकी घराला सावली झाली, पण सकाळी दहा ते दुपारी तीन माझ्या अंगावर सरळ ऊन पडतच राहिले. माझा पत्रा हात लावू नये इतका तापायचा. हळूहळू ती उष्णता आत मुरायची, आणि एकदा आत आली की बाहेर जायला वाट नसायची. माझे रबर नवे होते ना. आतल्या डब्यात त्या बाटल्या दुपारभर शिजायच्या.

आईने नियम आणखी कडक केला होता. दार दिवसातून दोनदाच उघडायचे, सकाळच्या सुईला आणि संध्याकाळच्या सुईला, तेही तिनेच. उरलेला गारवा जपायचा, असा तिचा हिशेब होता. सकाळी ती यायची तेव्हा रात्रभर उघड्यावर राहून माझा बाहेरचा पत्रा गार पडलेला असे. तिचा हात आधी त्याला लागे. "आहे की गार," असे ती स्वतःशीच म्हणायची, घाईने बाटली काढायची आणि दार लावायची. संध्याकाळी सगळेच तापलेले असायचे, तिचे हातसुद्धा. मी तिला ओरडून सांगत होतो. पण मित्रांनो, माझा आवाज म्हणजे विजेची घरघर, आणि वीजच नव्हती.

आता ती गोष्ट सांगतो. वादळानंतरचा नववा दिवस असेल. आई टँकरच्या रांगेत, बाबा रस्त्यावर, खारू घरात एकटी ओले गणवेश उलटेपालटे करत होती. दुपार चढली होती. काम टाकून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मागे वळून पाहिले, दार किलकिले केले आणि चार वर्षांची असताना करायची तशी हनुवटी आत घातली. आतून भट्टीसारखी वाफ तिच्या तोंडावर आली. ती दचकून मागे सरली. मग तिने डबा उघडला, एक बाटली काढून गालाला लावली आणि तशीच उभी राहिली. अकरा वर्षांची होती ती. तिला कळले होते. मला तिच्या चेहऱ्यावर दिसले ते. तिने बाटली जागेवर ठेवली, दोन्ही तळव्यांनी अगदी हलके दार लावले आणि दारावर उमटलेली बोटे फ्रॉकच्या टोकाने पुसली.

त्या संध्याकाळी सुई घेताना ती आईकडे पाहत होती. आई दिवसभर रांगेत उभी राहून हात हलवत परतली होती, कारण पाणी तिच्यापुढे दोन माणसांवर संपले होते, आणि घरात आल्या आल्या बाबांच्या हातून अर्धी कळशी सांडली म्हणून ती त्यांच्यावर कडाडली होती. खारूने तोंड उघडले.

"काय गं?" आईने सुईवरची नजर न काढता विचारले.

"काही नाही."

बस, एवढेच. मी रोज वाट पाहिली, आज सांगेल, उद्या सांगेल. मग मला वाटू लागले की ती विसरली असेल, किंवा तिने स्वतःची समजूत घातली असेल की आईला माहीत असणारच, आईला सगळेच माहीत असते.

त्यानंतर खारूला तहान लागू लागली. पण तेव्हा कुणाला तहान लागत नव्हती? ती तांब्या घेऊन घंटामावशींकडे जायची. घंटामावशींचे मडके वादळातून कसे कोण जाणे वाचले होते आणि त्यातले पाणी भर दुपारीही गार असायचे. ती वाळली. पण सगळेच वाळले होते, बाबांच्या पट्ट्याला दोन नवी भोके पडली होती. ती मलूल पडून राहायची. पण सगळेच दमलेले होते. रक्तातली साखर मोजायचे यंत्र शिवणयंत्राच्या खालच्या खणात होते, ते पुरात भिजून मुके झाले होते. एरवी जे आईने एका नजरेत ओळखले असते, ते वादळाने सगळ्यांच्याच अंगाला फासून ठेवले होते. उलट्या सुरू झाल्या तेव्हा आई म्हणाली, पाणी बाधले. तिने पाणी दोनदा उकळायला सुरुवात केली आणि सुईतले औषध थोडे वाढवले. त्याच बाटलीतले.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी आई तिला उठवायला वाकली आणि थबकली. खारूच्या श्वासाला पिकलेल्या फळांचा वास येत होता.

"खारू, तू फळं खाल्लीस? कुणी दिली?"

"नाही गं आई."

"खाल्ली असशील तर सांग. मी ओरडणार नाही."

"नाही खाल्ली. खरंच."

त्या शहरात तेव्हा एका झाडावर एक फळ उरलेले नव्हते. आईला ते माहीत होते. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली, आणि मग तिच्या तोंडचे पाणीच पळाले, कारण हा वास तिने एकदा घेतला होता, पाच वर्षांपूर्वी, दवाखान्यात नेले त्या दिवशी.

जवळचा दवाखाना वादळात पडला होता. मोठे इस्पितळ खाडीपलीकडे होते. बाबांनी अठरा वर्षे त्या रस्त्याने बस नेली होती आणि आता त्यावरून सायकलसुद्धा जात नव्हती. त्यांनी खारूला पाठीवर घेतले, आईने मागून आधार दिला आणि दोघे निघाले. पुढचे मी पाहिले नाही. तीन दिवस घर उघडेच होते. घंटामावशी सकाळ-संध्याकाळ येऊन चुलीपाशी बसायच्या आणि काही न करता परत जायच्या.

ती दोघेच परत आली. काय झाले ते बाबांनी घंटामावशींना माझ्यासमोर उभे राहून सांगितले. सगळे एका सुरात सांगितले, जणू बसचे थांबे सांगत होते. पडलेल्या झाडांवरून चालत चालत दुपारी ते मोकळ्या रस्त्याला लागले, तिथे ढिगारा वाहणाऱ्या ट्रकने त्यांना घेतले. इस्पितळात नर्सने औषध कुठे ठेवता म्हणून विचारले. आईने सांगितले, फ्रिजमध्ये. वीज आहे का तुमच्याकडे? नाही. मग नर्स म्हणाली, "अहो, वीज नसेल तर ते नुसतं कपाट झालं. त्यापेक्षा मातीच्या मडक्यात, सावलीत ठेवलं असतं तरी टिकलं असतं." दुसऱ्या दिवशी पहाटे खारू गेली.

घंटामावशी उठल्या आणि घरी गेल्या. थोड्या वेळाने मला मोकळ्या छपरातून मडके फुटल्याचा आवाज आला.

आई रडली नाही. ती माझ्यासमोर आली. दुपारचे दोन वाजले असतील. तिने दार उघडले आणि हात आत घातला. तसाच ठेवला. किती वेळ ठेवला ते मला सांगता येणार नाही. हात लाल झाला तरी तिने तो काढला नाही. शेवटी बाबांनी तिचे मनगट धरून तो बाहेर काढला. मित्रांनो, मी तेव्हा जगातला सगळ्यात दुःखी फ्रिज होतो असे म्हटले तर तुम्ही हसाल. पण तिच्या हाताला माझ्यामुळे चटका बसला आणि मी काही करू शकलो नाही, यापेक्षा मोठे दुःख मला माहीत नाही.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. चिखल होता, टँकर होता, चूल होती. सगळे होते तसेच चालू होते आणि त्याचेच मला नवल वाटायचे. एका संध्याकाळी दोघे दिवा न लावता जेवायला बसली होती. ताटात काही कमी झाले नव्हते.

"ती दिवसभर घरातच असायची," आई म्हणाली. "तिला कसं नाही कळलं? एकदा जरी हात लावला असता..."

"तिला कळलं असतं तर तिने सांगितलं असतं," बाबा म्हणाले.

आईने ताट जवळ ओढले. मग म्हणाली, "हो. सांगितलं असतं. माझ्यापासून ती काही लपवायची नाही." आणि खूप दिवसांनी तिने एक घास तोंडात घातला.

त्या एका वाक्यावर ती उभी आहे, मित्रांनो. म्हणून मला तोंड नाही याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा आनंद झाला. मी खारूला बोल लावत नाही. तिची काहीच चूक नव्हती. पाच वर्षे सुया टोचून घेताना जिने हूं की चूं केले नाही, ती पोर एका धपाट्याला घाबरली, आणि तेही ज्या धपाट्याची आठवण आईला बहुधा राहिलीसुद्धा नव्हती.

एकेचाळिसाव्या दिवशी सकाळी वायरमन आमच्या खांबावर चढले. वीज आली तेव्हा सगळ्या गल्लीत टाळ्या वाजल्या. माझे मशीन कोरडे होते, विटांनी ते वाचवले होते. मी लगेच घरघरू लागलो. मला थांबता येत नव्हते, मित्रांनो. वीज आली की गार व्हायचे, एवढेच मला येते. संध्याकाळपर्यंत मी इतका गार झालो की वादळाआधीही कधी झालो नसेन.

आई माझा आवाज ऐकत दिवसभर पुढच्या खोलीत बसून होती. संध्याकाळी, सुईच्या वेळेला, ती आली. दार उघडले तसा आतला दिवा लागला. अंड्यांच्या कप्प्यात तो डबा होता, त्यात न फोडलेल्या बाटल्या होत्या. तिने एक बाटली उचलली. थोड्याच वेळात तिच्यावर दव धरले. "गार आहे," ती म्हणाली. तिच्या मागे कुणीही नव्हते. तिने बाटली पदराने पुसली, परत ठेवली आणि मग भिंतीशी वाकून माझी पिन ओढून काढली.

काल बाबांनी आणि दुरुस्तीवाल्या काकांनी मला रस्त्यावर आणून ठेवले. काकांनी म्हटले की याला काहीही झालेले नाही, अजून दहा वर्षे चालेल, कुणाला तरी देऊन टाका. बाबांनी नको म्हणून मान हलवली. भंगाराची गाडी उद्या येणार आहे. गल्लीतली पोरे माझ्या आजूबाजूला खेळतात, त्यातली दोन तर खारूच्याच वर्गातली आहेत. तुम्हाला सांगतो आहे तेच मी त्यांनाही सांगतो आहे, पण त्यांना ऐकू जाते की नाही कोण जाणे.

तुमच्याही घरी असा एखादा नियम असेल. कुठल्या तरी दाराला, कपाटाला, डब्याला हात लावायचा नाही असा. नियम चांगलेच असतात, घरातले कुणी वाईट चिंतून नियम करत नाही. पण तो तुमच्या हातून मोडला आणि आत काही भलतेच दिसले, तर ते पोटात ठेवू नका. ओरडा खा, धपाटा खा, पण सांगा. ओरड्याने कुणाला काही झाले नाही.

आणि हे वाचून दाखवणारी मोठी माणसे जवळ असतील, तर त्यांनाही माझे एवढे मागणे आहे. तुमच्या मुलाने तोंड उघडले आणि तुम्ही काय म्हणून विचारल्यावर ते "काही नाही" म्हणाले, तर हातातली सुई, भांडे, हिशेब, जे असेल ते खाली ठेवा. त्याच्याकडे पाहा, आणि पुन्हा एकदा विचारा.